तोकुची जागा

किशोरीवहिनीची कॉमेंट फोनवर आली तेव्हा मी एका कंटेनरचे कागद तपासत होतो. कागदावर पंखे होते आणि आत फरश्या निघाल्या होत्या, म्हणजे तसा रोजच्यासारखाच दिवस. फोन टेबलावर थरथरला. तुमच्या लेखावर नवीन प्रतिक्रिया. माझ्या लेखांवर प्रतिक्रिया येत नसतात. व्हिडिओ गेमवर मराठीतून लिहिणारे आम्ही पाच-सहा जण, आमची एक साइट, वाचक चारशेच्या घरात, आणि त्यातले निम्मे दुसरंच काहीतरी शोधता शोधता चुकून आलेले. हा लेख तर सव्वा वर्षापूर्वीचा, 'शिओमाची' नावाच्या एका जपानी गेमवरचा, जी माझ्या माहितीत या जिल्ह्यात मी सोडून कुणी खेळलेली नाही. खाली वहिनीने लिहिलं होतं, "भावजी, छान लिहिलंय. बाबांना सगळं वाचून दाखवलं. बाबा विचारतायत, तुम्ही चंद्र बघितला नाही का?" मी ते दोनदा वाचलं. चंद्राचं मला काही कळलं नाही. पण 'सगळं' या शब्दापाशी मी अडलो.

सगळं म्हणजे तेही. लेखाच्या शेवटाकडे 'दोष' असं उपशीर्षक देऊन मी पाच दोष सांगितले होते आणि त्यातला पाचवा मला त्या वेळी फार खुसखुशीत वाटला होता. "तोकु नावाच्या म्हाताऱ्याला होडीत घेऊ नका. चारांतली एक जागा तो अडवून बसतो. वार करत नाही, औषध देत नाही, आपली पाळी आली की नुसता थांबतो. त्याला किनाऱ्यावरच ठेवा, तिथं तो सुखात असतो." हे मी मे महिन्यात लिहिलं. बाबांना झटका आला तो त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं असं झालं की शब्द आत तयार असतो, डोळ्यांत दिसतो, पण ओठांपर्यंत यायला त्याला फार वेळ लागतो. चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवलेला माणूस ओटीवर खुर्चीत बसून राहिला. आणि मी उलव्याच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून ते वाक्य लिहिलं. देवाशपथ सांगतो, लिहिताना मला बाबा आठवले नव्हते. आठवून लिहिलं असतं तर मी दुष्ट ठरलो असतो, त्याला निदान काही उपाय असता. आठवलेच नाहीत, याला काय करायचं?

त्यात दादाने त्याच आठवड्यात माझ्यावर एक काम टाकलं होतं. दादा म्हणजे हरेश्वर, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बाबा आजारी पडल्यापासून होडी तोच चालवतो. करंजाला आमच्या गावच्या घरात पद्धत आहे की नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होडी खाडीच्या तोंडापर्यंत न्यायची आणि जाळ्याला पाणी दाखवून परत आणायची. होडीत चौघंच. दादा, मोरू आणि रतन हे दोघे खलाशी, आणि चौथी जागा घरच्या माणसाची. लहानपणी मी त्या दिवशी जास्तीचा, हौशी प्रवासी म्हणून बसायचो ते वेगळं. गेल्या वर्षी बाबा उठूही शकत नव्हते, तेव्हा चौथा मी झालो. यंदा बाबा काठी घेऊन धक्क्यापर्यंत जाऊ लागले होते आणि त्यांनी होडीत बसायचं मनात घेतलं होतं. दादा फोनवर म्हणाला, "विन्या, तू सांग त्यांना. माजा आयकत न्हाईत. यंदा धक्क्यावरनंच नारळ टाका बोल. पानी उधाणाचा, पाय घसरला तर कोन धरनार? तुजा आयकतील ते. तू गोड बोलतोस." मी हो म्हणालो होतो. म्हाताऱ्याला किनाऱ्यावरच ठेवा, तिथं तो सुखात असतो. हेच वाक्य आता मला तोंडाने म्हणायचं होतं, आणि ते ज्याला म्हणायचं त्याने ते आधीच ऐकलेलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन मी तो लेख पुन्हा काढला. आधी गुण लिहिले होते. स्वतःचं जुनं लिखाण वाचताना माणूस आरशात मागची मान बघतो तसा अवघडतो, पण गुण मी बरे लिहिले होते. 'शिओमाची' म्हणजे भरतीची वाट बघत बंदरात थांबणं. जपानी खलाशांचा जुना शब्द. गेमही तशीच आहे. एक होडी, सात बंदरं, समुद्रातली चित्रविचित्र जनावरं. लढाई पाळीपाळीने. तुमच्या माणसाची पाळी आली की गेम थांबते, आणि खरोखर थांबते. वर घड्याळ टिकटिकत नाही, कुणी 'लवकर कर' म्हणत नाही, समोरचं जनावर पंख पसरून हवेत तसंच उभं. तुम्ही चहा करून या, आंघोळ करून या, चार दिवस गावाला जाऊन या. परत आलात की ते तुमच्यासाठी तिथंच आहे. मी लिहिलं होतं, "इतक्या सभ्यपणे वाट बघणारी दुसरी गेम मी खेळलेलो नाही." संगीत जवळजवळ नाहीच, नुसतं पाणी आणि मधूनच एक तार. बंदरातली माणसं तुम्ही दिलेला शब्द लक्षात ठेवतात. विसरलात तर रागावत नाहीत, फक्त पुढच्या खेपेला चहा विचारत नाहीत. हे सगळं मला मनापासून आवडलं होतं, इतकं की त्या उन्हाळ्यात तीन रविवार मी करंजाला गेलोच नाही. घरी जायचं तर बाबांच्या समोर बसायचं, ते एक शब्द काढायला लागायचे आणि माझा जीव कासावीस व्हायचा. मग मीच तो शब्द पुरा करायचो. पाणी? पंखा? दादा? आम्ही सगळेच करायचो. आय तर पहिल्या अक्षरालाच अख्खं वाक्य बोलून मोकळी व्हायची. ते मान हलवायचे आणि गप्प बसायचे, आणि आम्हाला वाटायचं, चला, कळलं.

दोषही खरेच होते. इंग्रजी भाषांतर भयंकर. कुणीतरी डिक्शनरी मांडीवर घेऊन केलेलं. त्यात अक्षरं मुंगीएवढी, हा पहिला. खेळ जतन करायचा तर बंदरातच, म्हणजे मध्ये बॅटरी गेली की तासाभराची मेहनत पाण्यात. तिसऱ्या भागात त्याच दोन बंदरांत उगीच चौदा हेलपाटे. आणि चौथा दोष मी ठळक अक्षरात लिहिला होता: जनावरांच्या ताकदीला काही धरबंध नाही. काल ज्याला दोन वारांत लोळवलं तेच आज तुमची होडी फोडतं. "निव्वळ लहरी कारभार," असं माझं म्हणणं. मी त्याच्यावर एकच तोडगा काढला, जो सगळेच काढतात. खाडीत फिरत राहायचं, लहान जनावरं मारत राहायचं, गुण साठवायचे आणि आपली माणसं इतकी दांडगी करायची की लहर कसलीही असो, आपण जिंकू. साठ तास मी ते केलं. अडतिसाव्या पायरीला, म्हणजे लेव्हलला, माझी माणसं पोचली तेव्हा शेवटचं बंदर दिसलं.

शनिवारी बाइकवरून करंजाला जाताना मला हाताची गोष्ट आठवत राहिली. आमच्या घरची तीही एक पद्धत. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. ओढ कुठली आणि किती हे बघितल्याशिवाय ते टाकत नाहीत. हल्ली फोनवर भरती-ओहोटीचं सगळं येतं, पण बाबा होडीच्या कडेला बसून उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात सोडायचे आणि थांबायचे. मशीन बंद. ते हात बाहेर काढेपर्यंत होडीत कुणी बोलायचं नाही. पाणी बघणं म्हणतात आमच्यात, पण बघायचे ते हाताने. डोळे दुसरीकडेच कुठेतरी असायचे, एखादा माणूस दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकतो तसे. मी चौदा वर्षांचा असताना एकदा मलाही हात घालायला लावला. घातला. "काय लागला?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, थंड. मोरू तोंडावर हात धरून हसला. बाबा म्हणाले, "पानी थंड हाय ह्या मासलीला पन म्हाईत हाय. थांब जरा. बोलू नको त्याच्याशी, त्याला बोलू दे." मी थांबलो. म्हणजे मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं आणि हात काढून चड्डीला पुसला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी दादाकडे बघितलं आणि त्या दिवसापासून दादा पुढे बसायला लागला. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं झालं होतं. खोटं कशाला बोलू.

घरी पोचलो तर ओटीवर बाबा नव्हते. आय दारातच सुकट निवडत बसली होती. "आलास? जेवला न्हायस, तोंडावरनंच कलतंय." मी बाबा कुठे विचारलं तर तिने मानेने आत दाखवलं आणि आवाज खाली आणला. आमच्या या गोदूबाईचा आवाज खाली येतो हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. बाजारात मासळी विकताना ती बोलते ते पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जातं. "ह्यांची पाळी चाललीय," ती म्हणाली. "आता काय बोलू नको त्यांच्याशी."

आत खिडकीपाशी बाबा बसले होते. मांडीवर उशी, उशीवर माझा जुना खेळायचा डबा, जो मी दिवाळीला इथं चार्जरला लावून विसरून गेलो होतो आणि नवा घेतल्यामुळे परत न्यायची आठवणही झाली नव्हती. उजवा हात उशीवर नुसता ठेवलेला, झोपलेल्या मांजरासारखा. डाव्या हाताचा अंगठा बटणावर. समोर पडद्यावर एक जनावर पंख पसरून हवेत थांबलेलं. बाबा त्याच्याकडे बघत होते, ते बाबांकडे बघत होतं, आणि दोघांनाही कसलीच घाई नव्हती. वहिनी चहा घेऊन आली. किशोरीवहिनी बी. कॉम. झालेली आहे, दादाच्या सोसायटीचं सगळं लिखाण तीच बघते. ती म्हणाली, "भावजी, मी सुरुवातीला इंग्लिश वाचून दाखवायचे. आता लागतच नाही त्यांना. अक्षरं दिसत नाहीत म्हणून बघतच नाहीत तिकडे. चित्रं बघतात." मी बाबांच्या मागे जाऊन उभा राहिलो. होडीत चौघं. पहिल्या जागेवर, नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, तोकु. वाकलेला, टोपी घातलेला, बिनकामाचा म्हातारा. त्याच्या नावापुढे आकडा होता चार. सगळ्यांच्याच पुढे चार. चौथ्या पायरीवरची माणसं. आणि मागे पडद्यावर जे बंदर दिसत होतं ते सातवं, शेवटचं होतं.

हे होऊ शकत नाही. मी साठ तास खेळलोय, मला माहीत आहे. चौथ्या पायरीची माणसं घेऊन तिसऱ्या बंदराच्या पुढे कुणी जात नाही; पहिल्याच फटक्यात होडी उलटते. माझ्या तोंडून 'कसं काय' असं काहीतरी निघालं असणार, कारण बाबांनी मान वळवली, मला बघितलं आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला. मग अंगठ्याने त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात दाखवलं. तिथं एक चंद्र होता. नखाएवढा. साठ तास तो तिथंच होता आणि मी त्याला नक्षी समजलो होतो. बाबा बोलायला लागले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. माझ्या तोंडात 'चंद्र' तयार होता, अगदी जिभेवर. मी तो गिळला. समोरचं जनावर थांबलं होतं, तेवढ्यापुरती मलाही लाज वाटली असेल. "भांग," बाबा म्हणाले. पुष्कळ वेळाने म्हणाले. "आज… भांग. गरीब… हाय… तो."

अष्टमीच्या आगेमागे पाण्याला ओढ नसते, त्या दिवसांना आमच्यात भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला उधाण. गेममधल्या जनावरांच्या अंगात येतं ते उधाणाला आणि ती मवाळ होतात ती भांगाला, इतकं साधं होतं. ज्याला मी लहरी कारभार म्हटलं होतं तो कारभार आमच्या दाराशी रोज दोनदा येऊन जात होता, आणि मी करंजाचा कोळी असून मला तो जपान्यांनी लिहून दिला तरी वाचता आला नव्हता. बाबांना तो पहिल्या दिवशी दिसला. ते उधाणाचे दिवस बंदरात काढायचे, माणसांना भेटायचे, दिलेला शब्द पाळायचे, आणि भांगाला होडी काढायचे. आणि तोकु? त्याची पाळी आली. बाबांनी 'थांब' दाबलं. तोकु नुसता थांबला, आणि होडीखालच्या लाटांच्या रेघा पाण्याच्या ओढीकडे कलल्या. क्षणभरच. त्याही रेघा मी नक्षी समजलो होतो. बाबांनी त्या बघितल्या, पुढच्या माणसाला होडी जरा वळवायला लावली. जनावराचा पंख बाजूने गेला. पुन्हा तोकु. पुन्हा थांब. पाणी फिरलं तसं ते जनावर खाली बसलं आणि निघून गेलं. कुणी मेलं नाही. एकही गुण मिळाला नाही. वहिनी टाळ्या वाजवणार होती, आयने तिला डोळ्यांनी दटावलं.

मी दोष शोधायला बसलेला माणूस आहे, सवय जात नाही, म्हणून हेही सांगतो की ती गेम शेवटी बाबांवर अन्यायच करते. सातव्या बंदराच्या पुढे जायचा दरवाजा तिसाव्या पायरीखालच्या माणसांना उघडत नाही. ज्याने मारलं नाही त्याला शेवट दाखवायचा नाही, असा हिशोब बनवणाऱ्यांनी करून ठेवलाय, आणि स्वतःच्याच कल्पनेशी इतकी बेइमानी केलेली मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये बघितली नाही. मी बाबांना ते सांगितलं. त्यांनी डावा खांदा उडवला. शेवटाचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी होडी वळवली आणि सहाव्या बंदराकडे काढली. तिथल्या एका बाईला बहुतेक त्यांनी काहीतरी आणून द्यायचा शब्द दिला होता.

जेवण झाल्यावर बाहेरच्या खुर्चीत ते बसले आणि मी पायरीवर. दादा बंदरावर जाळी भरायला गेला होता, पण जाताना त्याने माझ्याकडे असं बघितलं होतं की विसरू नकोस. पाऊस थांबला होता, समोर होड्या रंगवून उभ्या होत्या. बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी डावा हात वर केला. त्यांना बोलायचं होतं. आय लगेच म्हणाली, "पानी? पान?" बाबांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "आय, त्यांची पाळी आहे ना?" माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती गप्प बसली आणि मग बसूनच राहिली. आम्ही दोघं थांबलो. किती वेळ ते मी मोजलं नाही. समोरून एक टेम्पो गेला, बर्फाच्या लाद्यांचा, त्याचं पाणी रस्त्यावर सांडत गेलं. "बरोबर… लिवलास," बाबा म्हणाले. मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. त्यांचं संपलं नव्हतं. "डोकरा… जागा… अडवतो. खरा… हाय." पुन्हा थांबले. मला रडू येत होतं आणि मी मध्ये बोलणार नव्हतो. "पन… पानी… कोन बगल?"

मी म्हटलं, बाबा, मी ते वाक्य काढून टाकतो, आत्ता फोनवरून खोडतो. त्यांनी मान हलवली. खोडू नको. खाली लिही, असं काहीसं बोटाने दाखवलं, आणि कपाळाला बोट लावून वर आभाळाकडे नेलं. चंद्र. ते लिहायचं. मग हसले, अर्धे. माझे डोळे पुसायला त्यांना उजवा हात पुढे करायचा होता असं मला वाटलं, कारण खांदा हलला आणि हात जागेवरच राहिला. मीच तो उचलला आणि माझ्या दोन्ही हातांत धरला. गार होता. त्यात पकड नव्हती. चौदाव्या वर्षी वीसपर्यंत मोजून मी माझा हात काढला होता. आज मी काही मोजलं नाही. दादाचा निरोप मी दिलाच नाही. त्यांना तो ठाऊक होता, त्यांनी तो विचारला नाही, आणि ती त्यांची सभ्यता होती.

पौर्णिमेला धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भरती भरत आली होती, होड्या वर चढून धक्क्याच्या पातळीला आल्या होत्या. दादाने नवा पांढरा शर्ट घातला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मी येत नाही, चौथे बाबा. तो एकदम तापला. "डोका फिरलाय काय तुजा? तुला काय सांगितलेला मी? पडले तर?" मी म्हटलं, "मोरू आहे, रतन आहे, तू आहेस. मी काय धरणार होतो? मला पोहायलासुद्धा धड येत नाही." "वजन हाय त्यांचा विन्या, ते हलू शकत न्हाईत, होडीत असा मानूस…" तो बोलता बोलता थांबला. बाबा काठीवर भार देऊन दहा पावलांवर उभे होते, डोईवर टोपी, आणि ते आमच्याकडे बघत नव्हते. ते पाण्याकडे बघत होते. माझ्या भावाचा चेहरा मी इतका तरुण कधी बघितला नव्हता. त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "जाकीट घाल त्यांना," तो म्हणाला. "नारिंगी. मोठा असेल तो."

जाकीट फारच मोठं होतं. आयने पट्टे आवळले, पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले, शेवटी त्यांच्या छातीवर थाप मारली. मोरूने आणि रतनने त्यांना काखेत धरून उचललं आणि नाळेपाशी बसवलं. पहिली जागा. नारळ वाहिला गेला. ढोल वाजत होते, होड्या एकेक करून सुटत होत्या, मशीनचा धूर पाण्यावर पसरला होता. आमची होडी धक्का सोडून जेमतेम पन्नास हात गेली आणि थांबली. दादाने मशीन बंद केलं.

धक्क्यावरून मला सगळं स्पष्ट दिसत होतं. बाबांनी सवयीने उजव्या कडेला तोंड केलं. डाव्या हाताने उजवा हात उचलला, कडेवरून पाण्यात सोडला. ते थांबले. त्या हाताला काही कळत नाही हे मला माहीत होतं, दादाला माहीत होतं, आणि बहुतेक बाबांनाही माहीत होतं. पण चाळीस वर्षं त्या हाताने पाणी बघितलं होतं, त्याला विचारल्याशिवाय पुढे जाणं त्यांना बरं वाटलं नसणार. मग त्यांनी तो बाहेर काढला, मांडीवर ठेवला, जाकिटाला पुसला. आणि सगळं अंग वळवायला सुरुवात केली. आधी गुडघा. मग कंबर. होडी कलायला लागली तसा मोरू कुणी न सांगता दुसऱ्या बाजूला सरकला. रतनने हात पुढे केला आणि धरला नाही, नुसता जवळ ठेवला. आमच्या होडीच्या मागून दोन होड्या पुढे निघून गेल्या, गुलाल उडवत, कुणीतरी ओरडून दादाला काहीतरी विचारलंही. दादाचा हात मशीनवर होता आणि तो हलत नव्हता. बाबांनी डाव्या कडेवरून डावा हात खाली सोडला. मनगटापर्यंत. त्यांचे डोळे दुसरीकडेच कुठेतरी गेले.

माझ्या शेजारी आय उभी होती, डोळ्यांवर पदर धरून. पलीकडच्या घरातली सोनाबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा मुलगा केव्हाच खाडीच्या तोंडाशी पोचला होता. "गोदू, अशी का उभी राहिली गो होडी?" तिने विचारलं. "मशीन बंद पडली काय?"

आयने मान न वळवताच सांगितलं. "मशीन बरी हाय. ह्यांची पाळी हाय. थांब जरा."